गच्चीवरचं गॉब्लिनपुराण

अहो वहिनी, जरा थांबा, पोळ्या होतील नंतर. काल रात्री आमच्या गच्चीवरून "मी दार फोडतो!" असं कोण ओरडलं म्हणून तुमच्याकडे दिवे लागले ना? आमचा धाकटा हो. दारबिर काही फोडलं नाही, नुसता फासा टाकला.

— अगंबाई, फासा? जुगार की काय?

छे! दमडीचा व्यवहार नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणतात त्याला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी 1974 मध्ये काढला हा खेळ. एक जण गोष्ट चालवतो, तो डीएम. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, कुणी योद्धा, कुणी चोर. दार फुटलं की खांदा निखळला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो.

— आणि गोष्ट कोण रचतं?

छापील पुस्तकं मिळतात की! नकाशे, राक्षस, कुठल्या खोलीत काय दडलंय, सगळं आत. दुपारच्या चहाबरोबर मीही वाचते. दिवाळी अंकांतल्या निम्म्या कथांपेक्षा बरी असतात, पण हे तुमच्या-माझ्यात.

नवख्यांनी 2014 चं 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' घ्यावं. बैलगाडीतून सामान पोचवायचं, एवढंच काम. वाटेत दोन घोडे मरून पडलेले, अंगात काळ्या पिसांचे बाण, आणि झुडपात दबा धरून बसलेले गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस. पाल्हाळ नाही, पहिल्याच पानांत मारामारी! आमच्या पोरानं ती वाट उचलून आपल्या नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावर आणली आणि गॉब्लिन बसवले अंजनेरीच्या पायथ्याशी. पुढे एका ओसाड गावात हिरवा ड्रॅगन भेटतो. तिथे बोलणी करावीत, नाहीतर पायाला पाय लावून पळावं. ह्या शहाण्यांनी तलवारी उपसल्या. एका विषारी फुंकरीत तिघं आडवे!

— आणि भुताखेतांचं काही?

'रॅव्हनलॉफ्ट'! ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोनं 1983 मध्ये लिहिलं, 2016 मध्ये 'कर्स ऑफ स्ट्राड' म्हणून वाढवून निघालं. गढीतला सरदार रक्तपिपासू, पण खरी मजा त्यातल्या ज्योतिषिणीची. ती पत्ते काढते आणि त्यावर ठरतं की हत्यार कुठे लपलंय, सरदाराशी शेवटी कुठे गाठ पडणार. म्हणजे आधी खेळून आलेल्याचाही शहाणपणा चालत नाही. माझ्या मते याच्या तोडीचं दुसरं नाही.

उलट 1978 चं 'टूम ऑफ हॉरर्स' मला मुळीच आवडत नाही, गायगॅक्सचं असलं म्हणून काय झालं? भिंतीवर हिरवा राक्षसी चेहरा, तोंड वासलेलं, आत मिट्ट काळोख. त्यात जो शिरला तो संपला. फासा नाही, दयामाया नाही. लेखकानं पोरांवर डूख धरल्यासारखं वाटतं. कॉलेजातल्यांना मात्र तेच हवं असतं, मेल्याच्या फुशारक्या मारायला!

— आपल्याकडचं काही नाही का हो?

आहे तर! 2022 मध्ये 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' आलं, तेरा गोष्टींचं. त्यातली 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा' मिमी मंडल यांची, त्या मूळच्या कोलकात्याच्या. नद्यांचा मुलूख, स्पर्धांचा उत्सव, आणि ऐन जल्लोषात पाण्याची लाट विजेतीलाच ओढून नेते. पुराचं नाव निघताच आमची पोरं सावरून बसली. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, हे विचारतच वाढलेली ना ती!

बरं, तुमचा नातू सुट्टीत दिवसभर मोबाइलला चिकटलेला असतो, शनिवारी पाठवा त्याला. पुन्हा फँडेल्व्हरपासून सुरू करतोय. एका मांत्रिकाची जागा रिकामी आहे.