वहिनी, फौजदारकी नको

मिसिसागा, कॅनडा

ती. स्व. सौ. वहिनीस,


दादाचा एचबीए१सी ७.९ आल्याचं घरच्या ग्रुपवर पडलं आणि तास उलटायच्या आत मेथीदाणे, कारल्याचा रस, गुळवेल आणि कुणा काकांच्या मित्राचे वैद्य अशी सगळी फौज बदलापुरात शिरगावच्या दिशेने निघाली. त्या गर्दीत मला खरी धास्ती वाटली ती तुझ्या निरोपाची: ‘आजपासून यांच्या तोंडावर माझं लक्ष आहे.’ नणंदेने भावाची बाजू घ्यायची हा जुना रिवाज, पण या पत्रात मी वकिली करणार आहे ती तुझी. मधुमेहाचं निदान दादाचं झालं असलं तरी बदलायचं आहे ते घरातल्या सगळ्यांचं ताट. ते बदललं की तुझी पहाऱ्याची ड्यूटी आपोआप संपते.

पुरावा माग, देते. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. जोडीदाराला मधुमेह असेल तर दुसऱ्यालाही तो होण्याचा धोका २६ टक्क्यांनी जास्त निघाला. नवरा-बायकोत रक्ताचं नातं नसतं. असतं ते एका कुकरचं, एका सोफ्याचं आणि रात्री उशिरा जेवून एकाच मालिकेसमोर बसण्याचं. (बदलापूरहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्या माणसाने संध्याकाळी सातला जेवावं, असं सांगणारे आहारतज्ज्ञ बहुधा दादरला राहतात.) तेव्हा दादाच्या मागोमाग तुझंही रक्त तपासून घे. ‘पण हे तर काडीपैलवान, यांना कसा झाला?’ असं तू म्हणशीलच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांची २१.२! दिसायला बारीक आणि आतून गुबगुबीत ही आपल्याकडची जुनी खोड आहे. दादाचा शर्ट खांद्यावर लोंबतो आणि पोटावर ताणतो, त्याचं मर्म हेच. शिवाय २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाच्या अंदाजाने देशात मधुमेही १० कोटींच्या वर आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख. त्या उंबरठ्यावर आपल्या घरातलं कुणी नसेलच, असं कोण म्हणेल?

यावर तुझा पहिला आक्षेप मला इथूनही ऐकू येतो: यांच्यापायी पोरांना आणि आईंना शिक्षा का? वहिनी, कसली शिक्षा ते तरी बघ. ताटातला भात निम्म्यावर, त्या जागी मुगाची उसळ किंवा घट्ट वरण, काकडी-गाजराची कोशिंबीर भरपूर, दोनदा ज्वारीची भाकरी, आणि चहात साखर नाही. वाढत्या पोराला भूक असेल तर त्याने आणखी एक भाकरी घ्यावी, त्याला कोण नको म्हणतंय? खरी शिक्षा आहे ती वेगळ्या स्वयंपाकाची. एका गॅसवर बटाट्याची भाजी, दुसऱ्यावर दादाचं मिळमिळीत ‘पथ्याचं’. त्यात कष्ट तुझे दुप्पट, आणि श्रीखंडाच्या वाट्यांसमोर कारलं घेऊन बसलेला माणूस दोन आठवड्यांत एक तर बंड करतो किंवा चोरून खायला लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: लक्ष ठेवलं नाही तर स्टेशनवर वडापाव खातील. खातील ना! पण तुझी हद्द दाराशी संपते आणि दादा दिवसाचे अकरा-बारा तास हद्दीबाहेर असतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलॉन्स्की अशा प्रेमळ जोडीदारांना ‘मधुमेह पोलीस’च म्हणतात. पोलिसाला कुणी खरं सांगत नाही, आणि इथे तर खरं कळायलाच हवं. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे लपवलेला वडापाव रिपोर्टात हजर होतो. फक्त तोवर तीन महिने गेलेले असतात. त्यापेक्षा ‘आज काय खाल्लं?’ऐवजी ‘डब्यात काय देऊ म्हणजे पाच वाजता भूक लागणार नाही?’ असं विचार. रात्री जेवल्यावर दोघं मिळून कात्रपच्या दिशेने पंधरा मिनिटं चालून या. जेवणानंतरची साखर त्याने खरोखर कमी चढते, आणि सासूबाईंविषयी बोलायला तेवढाच निवांतपणा.

लक्ष ठेवायचंच असेल तर ते दुसरीकडे ठेव. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम घसरण्याची भीती फारशी नसते; पण पुढेमागे ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन आलं तर असते. घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ दिसला तर प्रवचन नको. तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा दाखवायचा, पावलं रोज बघायची.

आता औषधी फौजेबद्दल. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मलाही अभिमान आहे; पण ते मानांकन फळ कुठलं याची ग्वाही देतं, रक्तातल्या साखरेची नाही. जांभळाच्या बियांच्या चूर्णावर विसंबून गोळी बंद करायची नाही. गूळ तर साखरेचा गावाकडचा सख्खा भाऊ, त्याला वेगळी वागणूक कशाला? राहता राहिला ‘दीक्षित की दिवेकर’ हा महाराष्ट्राच्या आहार-धर्मयुद्धाचा विषय. दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी, ते दादाने गोळ्यांची चिठ्ठी पुढे ठेवून डॉक्टरांशी ठरवावं, ग्रुपवरच्यांशी नव्हे. आशेला जागा नक्की आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात वजन नेटाने उतरवणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर वर्षभराने औषधांशिवाय आटोक्यात होती. पण ती माणसं दादापेक्षा बरीच जाडजूड होती आणि सगळं वैद्यकीय देखरेखीखाली चाललं होतं, हे ग्रुपवरच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

इथलं कौतुक मात्र सांगू नकोस कुणाला. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला तो शेजारच्या टोरांटोत, आणि त्याच टोरांटोत आज चौकाचौकात डोनटचं दुकान आहे.

मार्चमध्ये येतो आहोत. बॅगेत चॉकलेटं नसतील. मेपल सिरपही मागू नकोस, तीही साखरच. बदाम तिथेही मिळतात. तेव्हा बॅग रिकामीच येईल. परतताना कुळथाचं पीठ आणि तुझा गोडा मसाला भरून दे, दोन्ही पथ्यात बसतात.

तुझी,
पक्ष बदललेली नणंद