साधंच काहीतरी

दिवाळीत आमच्या फडताळाचं दार जपून उघडावं लागतं. चिवडा, शेव, चकली, कडबोळी, शंकरपाळे, करंज्या, रव्याचे लाडू, बेसनाचे लाडू. डबे अंगावर येतात. तरीही सकाळी आठ वाजता स्वयंपाकघराच्या दारात कुणीतरी उभं राहतं आणि विचारतं, "नाश्त्याला काय आहे?"

फराळ म्हणजे नाश्ता नव्हे, हा मराठी घरातला अलिखित कायदा आहे. नरक चतुर्दशीला तेवढा तो शिथिल होतो. तेल, उटणं, पहाटेची अंघोळ, अंगठ्याखाली कारीट फोडणं झालं की सगळे गुण्यागोविंदाने फराळाची ताटली पुढे ओढतात. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तीच चकली तेलकट होते. पाडव्यापर्यंत तर बेसनाच्या लाडवाकडे लोक लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकाकडे बघावं तसं बघतात : ओळख आहे, पण बोलणं वाढवायचं नाही. येता-जाता मूठमूठ चिवडा तोंडात टाकलेला कुणी धरत नाही. नाश्ता मात्र गरम हवा.

डोंबिवलीच्या आमच्या टू बीएचकेमध्ये दिवाळीला अकरा माणसं असतात आणि जिभा त्याहून जास्त. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, डायबेटिस. पोह्यांत चिमूटभरही साखर चालत नाही, लाडू मात्र कुणी बघत नसेल तर चालतो. नणंदेला मिरचीने ॲसिडिटी होते, तिच्या लेकाला दाणे नकोत. बंगळुरूहून आलेला दीर सकाळी उठल्या उठल्या प्रोटीन विचारतो. चुलत सासूबाईंचा चातुर्मास असतो, तो सुटतो कार्तिकी एकादशीला, म्हणजे दिवाळी उलटून गेल्यावर. तोवर कांदा-लसूण बंद. आणि नागपूरचे जावई कुठल्याही पोह्यांकडे बघून हळहळतात, "तर्री नाही का?" झणझणीत चण्याच्या रश्शाशिवाय पोहे म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट राहिलेलं काम.

हे सगळे एकमुखाने सांगतात, "अगं, कशाला एवढा घाट घालतेस? साधंच काहीतरी कर."

साधं म्हणून मी उपमा करून पाहिला आहे. पहिल्या चौघांना तो मऊसूत मिळतो, सहाव्याला वडी मिळते, आणि दीर दहाला उठतो तेव्हा पातेल्यात डाव उभा राहतो. कांदेपोह्यांचं तेच. पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून पुन्हा पुन्हा वाफ काढा, तरी ते चिवट व्हायचे ते होतातच. थालीपीठ हा तर करणारीला तव्याशी जखडून ठेवायचा प्रकार आहे. शेवटचं तिच्या पानात पडतं तेव्हा कुकर लावायची वेळ झालेली असते. दोष पदार्थांचा नाही. माणसं हप्त्याहप्त्याने उठतात. भाचरं पहाटेच नटूनथटून फडके रोडला गेलेली, अण्णा पेपर नाही म्हणून चिडचिडत गॅलरीत, आणि दीर सुट्टी सत्कारणी लावत पांघरुणात.

नवऱ्याने यावर तोडगा म्हणून एक तक्ता करून फ्रिजवर लावला. तक्ता रंगीत होता. त्यात वार होते, पदार्थ होते, वेळा होत्या. करणाऱ्याचं नाव लिहायला रकाना नव्हता. जावेने तो नीट वाचला आणि त्याची मागची बाजू वाण्याच्या यादीला घेतली.

मग निघाली बाहेर मिसळ खायची टूम. दिवाळीच्या सकाळी डोंबिवलीत बाहेर खायला निघणं म्हणजे निम्म्या गावाला जे सुचलं तेच आपल्यालाही सुचणं. हॉटेलच्या दारात नाव लिहून घेणारा पोरगा अकरा हा आकडा ऐकून हसला. पैठण्या आणि सिल्कचे कुर्ते घालून आम्ही फुटपाथवर उभे, आणि चुलत सासूबाई विचारताहेत, "त्या मिसळीत कांदा वरून घालतात की आतही असतो?" घरी येऊन सगळ्यांनी चिवडाच खाल्ला. नाश्ता म्हणून नव्हे. भूक लागली होती म्हणून.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "दडपे पोहे का नाही करत?" त्या मूळच्या कोकणातल्या. खाली कोकणात आणि गोव्यात दिवाळीच्या पहिल्या सकाळी पोह्यांचाच थाट. नवं भात हाती आलेलं असतं, त्याचे पोहे कांडायचे, आणि एकाच सकाळी दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळाचे, फोडणीचे असे निरनिराळे मांडायचे. इतके प्रकार करायचं बळ माझ्यात नाही. दडप्यांचं मात्र पटलं.

अर्धा किलो पातळ पोहे परातीत घ्यायचे. एक मोठा नारळ खवून तो चव आणि नारळाचं पाणी त्यात घालायचं. मीठ, लिंबू, कोथिंबीर. हलक्या हाताने कालवून वर घट्ट झाकण, झाकणावर वरवंटा. नारळाच्या ओलाव्यातच पोहे मऊ होतात. गॅस लागतो तो मोहरी, हिंग, कढीपत्त्याच्या फोडणीपुरता. गरम-गारचा प्रश्नच नाही, जितके मुरतील तितके बरे. कांदा, मिरची, साखर, तळलेले दाणे वेगळ्या वाट्यांत. ज्याचं पथ्य त्याने सांभाळावं. दिराला मोड आलेल्या मुगांची वाटी दिली, त्याने प्रोटीन विचारणं सोडलं.

खरी गंमत पुढेच. नारळ खवणं, कांदा बारीक चिरणं, लिंबं पिळणं, पोह्याचे पापड चुरणं ही सगळी ओट्यापासून लांब, गप्पा मारत करायची कामं. ओट्याशी एकीला जागा असते, परातीभोवती चौघांना. मी परात हॉलच्या मधोमध ठेवली. नवऱ्याला खवणी दिली. त्याने करवंटीसकट खवायला घेतलं तेव्हा जावईबापूंना राहवेना. "द्या इकडे," म्हणत ते खाली मांडी घालून बसले आणि पांढराशुभ्र नारळ पाडू लागले. पापड चुरायला पोरांत मारामारी झाली.

सासूबाई देवाजवळून उठून आल्या आणि दारातच थबकल्या. "अगो, जावयाला खवणीवर बसवलंस?"

"असू द्या हो, आई," जावईबापू म्हणाले. "पोहे मस्तच होणार. उद्या मात्र यावर तर्री पाहिजे. पाहिजे तर मीच करतो."

सासूबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "चणे आत्ताच भिजत घाला. तिसऱ्या फळीवर आहेत."

जावईबापू उठले. फडताळाचं दार जपून उघडा, हे सांगायचं कुणालाच सुचलं नाही.