मधातले काकाजी

सोयरीक जुळवायची तर मधात एक माणूस लागतो, हे वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मुर्तिजापूरकडे आमच्या भागात हे खातं काकाजींकडे आहे. गावच अमरावती आणि अकोल्याच्या मधात. त्यामुळे मुलगी दर्यापूरची असो की मुलगा बार्शीटाकळीचा, बोलणी काकाजींच्या ओसरीवरच होतात. धुऱ्यावरून भांडलेले भाऊ, माहेरी जाऊन बसलेली सून, वाटणीत अडकलेली विहीर, सगळीकडे काकाजी मधात. पैशाला शिवत नाहीत. दुपट्टा-टोपी आणि नारळ मिळाला की खूश, पण कार्यात नाव मात्र घ्यायला पाहिजे. जून 2022मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना एका मार्गिकेचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सारा तालुका फुगला. काकाजी तेवढे म्हणाले, "त्यात दोनी पार्ट्याइले बसवाचं नव्हतं ना, म्हनून झालं लवकर."

माणसांपुरतं हे ठीक होतं. शेजारच्या वैनींकडे जिल्हा परिषदेच्या योजनेतून 50 टक्के अनुदानावर एक दिवसाची 100 पिल्लं आली आणि काकाजींचं कार्यक्षेत्र वाढलं.

पिल्लं आली ती चार कप्प्यांच्या खोक्यातून, कप्प्याला पंचवीस. जात गिरिराज. पिल्लू फुटण्याआधी अंड्यातला बलक पोटात ओढून घेतं, त्या शिदोरीवर दोन दिवस सहज काढतं. म्हणून एवढा प्रवास झेपतो. खरी अडचण उबेची. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते. वैनींनी खोलीत लाकडाचा भुसा पसरून वर बल्ब टांगले. बल्बचं काय, लाईन गेली की आई गेली. तेवढ्यात त्यांना परसातली जुनी तांबडी आठवली. ती खुडूक होऊन दोन आठवड्यांपासून टोपल्यात खोट्या अंड्यावर बसली होती. हात नेला की पिसं फुगवून घशातल्या घशात गुरगुरायची, उचलून बाहेर ठेवली की घटकाभरात पुन्हा टोपल्यात. अशा कोंबडीखाली दहा-बारा पिल्लं बिनबोभाट खपतात, हे वैनींना त्यांच्या आईकडून माहीत होतं. बारा तिला द्यायची, उरलेल्या अठ्ठ्याऐंशींना बल्ब. विषय संपला असता.

पण काकाजींच्या कानावर गेलं.

"वैनी, दोनीकडची पसंती घेतली काय?"

"कोंबडीची?"

"मंग काय बल्बाची?"

चहा आला. काकाजींनी आधी वधूपक्षाची, म्हणजे तांबडीची माहिती काढली. घराणं गावरान, याआधी दोनदा अंडी उबवलेली, स्वभाव तापट, पण पोरांना जपणारी. मग पिल्लांकडची. गिरिराज ही जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली, हे कळल्यावर काकाजींचा चेहरा उतरला. "लय दूरची सोयरीक हाय वो. भाषेचं कसं?" वैनींनी पदराआड हसून घेतलं. पुढं काकाजींनी कोंबड्याचा विषय काढला, पण बापाचा या मामल्याशी संबंध नाही म्हटल्यावर त्यांनी तो मुद्दा बैठकीतून वगळला.

भर दुपारी, चार माणसांसमोर पाहण्याचा कार्यक्रम झाला. काकाजींनी पिल्लू तळहातावर घेतलं आणि तांबडीच्या तोंडासमोर धरून बोलायला सुरुवात केली. लहानपणी आई गेलेली माणसं कशी मोठी झाली, सावत्र आईनं कसं वाढवलं, गावात किती उदाहरणं आहेत. तांबडीनं मान लांबवून टोच मारली. पिल्लाला नाही, काकाजींच्या अंगठ्याला.

"नाराज हाय," काकाजी अंगठा चोखत म्हणाले. "सुरवातीले सारेच नाई म्हन्तेत. पुन्हा बसू."

आता यातली मेख अशी की हे काम उजेडात, समोरासमोर आणि बोलून होतच नाही. खुडूक कोंबडीचा सगळा भरवसा कानावर आणि पोटाखालच्या हालचालीवर. श्लाइट नावाच्या शास्त्रज्ञानं टर्कीच्या माद्यांवर प्रयोग केले होते. कान निकामी केलेल्या माद्यांनी स्वतःचीच पिल्लं टोचून मारली, असं 1960मध्ये प्रसिद्ध झालं. चिवचिव ऐकू आली नाही तर समोरचं पोर म्हणजे तिच्या लेखी शत्रू. टर्कीचं सगळंच कोंबडीला लागू करू नये, पण जिथं ऐकण्यावर सारी भिस्त, तिथं काकाजींचा आवाज! तो आवाज ऐकून दोन गावचे पाटील नमले होते. तांबडी नमेना.

दुसरी बैठक संध्याकाळी ठरली, तिसरी सकाळी. काकाजींनी तडजोडीचे प्रस्ताव आणले. आधी सहाच पिल्लं द्यावीत. किंवा पंधरा दिवस पिल्लांनी येणं-जाणं ठेवावं, मग मुक्काम. हे ऐकून मात्र वैनी मनातून धास्तावल्या. चार-पाच दिवस उलटले की पिल्लांना बल्बचीच सवय लागते आणि कोंबडीनं कितीही साद घातली तरी ती तिच्याखाली शिरत नाहीत. पंधरा दिवसांनी तर ती पंख फुटलेली कार्टी असतात. पण हे काकाजींना कोण सांगणार? तडजोड हा त्यांचा जन्मभराचा धंदा.

त्याच रात्री अकराच्या सुमारास, काकाजींच्या घोरण्याची खात्री झाल्यावर, वैनी उठल्या. दिवा न लावता टोपल्यापाशी गेल्या. खालचं खोटं अंडं काढलं आणि एकेक पिल्लू मुठीत घेऊन मागच्या बाजूनं पोटाखाली सरकवलं. तांबडी एकदा गुरगुरली, मग पंख थोडे सैल करून बसली. उजाडायच्या आत वैनींनी पुन्हा पाहिलं. एखादी कोंबडी सकाळच्या उजेडात बिथरते, तेव्हा पिल्लं लगेच काढावी लागतात. तशी वेळ आली नाही. तांबडी कणी टोचून खाली टाकत होती, बारीक आवाजात हाका देत होती आणि बंगळूरची बाराही पोरं मुर्तिजापूरची भाषा समजून धावत होती.

सात वाजता काकाजी हजर. दृश्य पाहून त्यांनी टोपी सारखी केली.

"सांगलं होतं ना वैनी? शब्द टाकला होता म्या. रातभर इचार केला तिनं."

तेव्हापासून ते तालुक्यात सांगत फिरतात की बंगळूरची सोयरीक आपण जुळवली. सातव्या दिवशी प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात मानमोडीची लस टाकायची होती, त्या दिवशी ते मधात नव्हते. अकोल्याला बोलणी होती.

तुमच्याकडे कोंबडी खुडूक असेल आणि शेजारी असे काकाजी असतील, तर त्यांना टाळू नका, दुखवू तर मुळीच नका. दिवसा चहा पाजून बोलू द्या. पिल्लं रात्री ठेवा.