खानाची बाजू कोण घेणार?

दिवाळीच्या किल्ल्याविषयी माझी एकच तक्रार आहे: त्यावर लढाई होत नाही. वसुबारसेच्या आधीपासून गल्लीतली समस्त पोरं कोपरापर्यंत चिखलात हात घालून दगड, विटांचे तुकडे, गोणपाट आणि माती यांचा डोंगर उभा करतात. उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरतात, माथ्यावर महाराजांना सिंहासनावर बसवतात, बुरुजाबुरुजावर भाला धरलेले मावळे ठेवतात. तटबंदी आहे, तोफा आहेत, चोरदरवाजा आहे, आईच्या डब्याच्या झाकणात केलेलं पाण्याचं टाकं आहे. शत्रू तेवढा नाही. एवढा जय्यत बंदोबस्त नेमका कोणाविरुद्ध, हे विचारायची आपल्यात पद्धत नाही. मग भाऊबीज होते, अळीव पिवळं पडतं आणि शेवटच्या दिवशी कोणीतरी बालेकिल्ल्याखाली सुतळी बॉम्ब लावतो. आठवडाभराच्या या लष्करी उपक्रमातली ती एकमेव चकमक, आणि तीही स्वकीयांनी केलेली. पोरांना किल्ला नुसता बघायचा नसतो, त्यावर काहीतरी घडायला हवं असतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला तरी नको. दिवाळीचा किल्ला हा अर्ध्यावर सोडलेला खेळ आहे. तो पुरा करायला हवा, आणि सुरुवात रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापुरात व्हायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

बाकीच्या जगात हा खेळ केव्हाच पुरा झाला. प्रशियातल्या राइसवित्झ नावाच्या सरदाराने १८१२ मध्ये आपल्या राजाला एक टेबल नजर केलं. त्यावर डोंगर, नद्या, गावं यांचे रंगवलेले तुकडे हवे तसे मांडायचे आणि सोंगट्यांची लढाई लावायची. राजा आणि राजपुत्र त्यात रमले. पुढे राइसवित्झच्या मुलाने १८२४ मध्ये तोच खेळ फासे आणि नकाशांवर बसवला आणि प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. इंग्लंडात एच. जी. वेल्स या थोर कादंबरीकाराने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच लिहिलं. भल्या वयाच्या गृहस्थांनी दिवाणखान्यातल्या जमिनीवर पालथं पडून खेळण्यातल्या तोफेने शिशाचे सैनिक कसे पाडावेत, याचे नियम त्यात गांभीर्याने दिले आहेत. खऱ्या युद्धापेक्षा हे बरं, असं वेल्सचं मत होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं, त्यावरून मोठ्या लोकांनी पुस्तक वाचलं नसावं असं दिसतं. आज युद्धखेळाच्या या छंदात अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचा शिपाई सर्वमान्य आहे, आणि त्याच्याभोवती घरं, भिंती, विहिरी बांधणं हा लढाईइतकाच, किंबहुना लढाईहून मोठा उद्योग होऊन बसला आहे.

या घरांत सगळ्यात लाडकं घर कोणतं, तर मातीचं. अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोत उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची, सपाट धाब्याची घरं आहेत. त्यांना अडोबी म्हणतात. युद्धखेळवाल्यांना हे घर आवडतं त्याची कारणं वास्तुशास्त्रीय नसून ऐदीपणाची आहेत. चार भिंती, वर सपाट झाकण, भिंतीतून डोकावणाऱ्या तुळयांच्या जागी टूथपिकचे तुकडे, की घर झालं. फोमच्या पत्र्याला फेव्हिकॉल फासून वर वाळू भुरभुरायची, तपकिरी रंग द्यायचा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशाने कडांवर फिकट हात मारायचा. चार शतकांचं ऊन एका संध्याकाळीत लागतं. हेच घर सोमवारी मेक्सिकोत असतं, मंगळवारी सुदानात, बुधवारी वायव्य सरहद्दीवर आणि गुरुवारी ‘स्टार वॉर्स’च्या वाळवंटी ग्रहावर. इतक्या बदल्या आपल्याकडे फक्त प्रामाणिक तहसीलदाराच्या होतात. आणि मुख्य म्हणजे छप्पर सपाट असल्यामुळे त्यावर शिपाई उभा राहतो.

इथे कर्जतकर पहिली हरकत घेणार, आणि ती रास्त आहे. ते म्हणतील, सपाट मातीचं छप्पर आणि आमच्याकडे? सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. न्यू मेक्सिकोत दहा वर्षांत जेवढं पाणी पडत असेल ते इथे एका पावसाळ्यात उरकतं. अडोबीचं घर कर्जतला बांधलं तर आषाढात त्याची भिंत होईल, श्रावणात बांध आणि भाद्रपदात गाळ. महाराष्ट्रात मातीच्या धाब्याची घरं आहेत, माळवदं आहेत, पांढऱ्या मातीच्या अभेद्य गढ्या आहेत, पण त्या सोलापूर-मराठवाड्याकडे, जिथे ढग फक्त चौकशीला येतात. हे सगळं मान्य. पण गंमत अशी की शुद्ध अडोबी कर्जत-खालापुरात दरवर्षी लाखांनी तयार होते. पावसाळा सरला की वीटभट्ट्या लागतात, साच्यातून काढलेल्या कच्च्या विटा उन्हात रांगेने वाळत पडतात. ती वाळलेली वीट म्हणजे न्यू मेक्सिकोची वीट, त्यात फारसा फरक नाही. फक्त आपले लोक अनुभवाने शहाणे असल्यामुळे ती पावसाच्या आत भाजून काढतात. जगात ज्या मालाची नक्कल फोममधून करतात, तो इथे शेताच्या बांधावर असतो आणि आपण दिवाळीला बाजारातून प्लॅस्टरची झोपडी आणतो.

तेव्हा अडोबीची नक्कल करू नये. इथलं घर करावं. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरचं जुनं घर कुडाचं असतं: कारवीच्या काठ्या उभ्या विणून केलेली भिंत, तिला आतून-बाहेरून शेणामातीचा गिलावा, वर उतरतं गवताचं नाहीतर कौलांचं छप्पर आणि ते इतकं पुढे आलेलं की पाऊस भिंतीला शिवू नये. हे घर लहान आकारात करायला फोमहून सोपं आहे. खराट्याचे हीर म्हणजे कारवी. भातशेतातली चिकट माती, त्यात भाताचा तूस आणि थोडं शेण, म्हणजे वाळताना भेगा पडत नाहीत. पडल्या तर बोटाने पुन्हा सारवायच्या. सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. छपराला पेंढा लागतो, आणि हळवं भात नेमकं दिवाळीच्या सुमारास झोडलं जातं. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने ‘कर्जत ३’सारख्या भाताच्या कितीतरी जाती दिल्या, त्यातल्या एखाद्या जातीचा पेंढा एकास साठ प्रमाणाच्या छपराला उत्तम बसतो, ही शिफारस शास्त्रज्ञांनी अजून केलेली नाही, एवढंच. रंगाचाही खर्च नाही. परदेशी छांदिष्ट तांबड्या मातीचा रंग बाटलीतून विकत घेतात. माथेरान तो प्रत्येक पर्यटकाच्या बुटांवर फुकट देतं.

आता उतरत्या छपरावर मावळा उभा राहत नाही, घसरतो. हा दोष घराचा आहे की मावळ्याचा, यावर वाद घालता येईल. पण घाटाखालच्या लढाईत छपरावर उभं राहून कोणाला लढायचं होतं? इथली लढाई झाडीतून, कड्यावरून, वळणामागून व्हायची. छप्पर सुटं ठेवावं, उचललं की आतला शिपाई दिसावा. शत्रूला तो दिसत नाही, हेच त्या घराचं लष्करी महत्त्व.

दुसरी हरकत प्रमाणाची. दरवर्षी कोणीतरी चष्मेवाले काका किल्ल्यासमोर उभे राहून सांगतात की महाराज दरवाजापेक्षा मोठे आहेत, वाघ हत्तीएवढा आहे आणि विहिरीवर पाणी भरणारी बाई आत पडली तर विहीर बुजेल. काकांनी जरा हिशोब करावा. माणूस अठ्ठावीस मिलिमीटरचा धरला तर प्रमाण साधारण एकास साठ होतं. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर; साठाने भागलं तर तेरा मीटर, म्हणजे चार मजली इमारत. ती अंगणात बांधायची तर ग्रामपंचायतीची परवानगी लागेल. म्हणूनच जगभरचे युद्धखेळवाले राजरोस दोन प्रमाणं वापरतात, माणसांचं वेगळं आणि जमिनीचं वेगळं, आणि त्याबद्दल कोणाची माफी मागत नाहीत. जगभरच्या छांदिष्टांना जे चालतं ते आपल्या गल्लीतल्या पाचवीच्या पोराला उपजत कळलेलं असतं. वाघाचं समर्थन मात्र मला जमत नाही.

मुख्य मुद्दा, मांडायचं काय. दरवर्षी सगळे रायगड नाहीतर प्रतापगड करतात. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आहेत, कर्जत-खालापूरचा एकही नाही. पोटातून जिना कोरलेला कोथळीगडाचा सुळका, पेब, ढाक, सोंडाई ही मंडळी शांतपणे शनिवार-रविवारचे ट्रेकर सोसत बसली आहेत. खालापुरात चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ मध्ये उभारलेल्या स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी आग्ऱ्याचा किल्ला उभा राहिला. तो बघायला माणसं गेली. पण त्याच तालुक्यात मुघलांची फौज शस्त्रं खाली ठेवून उभी राहिली होती, ती जागा बघायला क्वचितच कोणी गाडी वळवतं. खोपोली-पाली रस्त्याने आत चावणी गावाजवळ अंबा नदीच्या काठी ती जागा आहे, उंबरखिंड. शाइस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान कुरवंड्याच्या बाजूने घाट उतरून कोकणात निघाला. बरोबर रायबागन ही नावाजलेली सरदारीण होती. २ फेब्रुवारी १६६१ रोजी ही फौज खिंडीत पुरती शिरल्यावर महाराजांनी पुढची वाट धरली आणि मागची नेताजी पालकरांनी. परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचं वर्णन आहे. रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला, खंडणी भरली, सामानसुमान ठेवलं आणि जीव घेऊन परत गेला. खालापुरात टोल भरून मगच पुढे सरकायची परंपरा इतकी जुनी आहे.

खेळाच्या दृष्टीने या लढाईला तोड नाही. किल्ला चढवत न्यायची गरज नाही; दोन बाजूंना दोन मातीचे उतार, मध्ये हातभर लांब, अरुंद वाट, तळाशी ओहोळ, एका टोकाला चार कुडाची घरं. शिपाई स्वस्तातले चालतात, कारण नियम एकच पुरतो: वाटेत एका वेळी दोघांनाच शेजारी उभं राहता येतं. खानाकडे शंभर प्यादी असोत, लढणार पुढची दोन. बाकीची अठ्ठ्याण्णव मागे उभी राहून, हल्ली घाटात अडकलेला प्रवासी करतो तसा, पुढे काय झालं याची चौकशी करणार. जमीन लढाई कशी लढते, हे पोराला वर्गातल्या धड्यातून कळत नाही. फासा टाकून आपली माणसं हलत नाहीत असं दिसलं की लगेच कळतं.

आणि आता तिसरी हरकत, जिच्यामुळे हा खेळ आपल्याकडे आजवर झाला नसावा. फासे आले म्हणजे नशीब आलं. समजा महाराज हरले तर? दिवाळीच्या दिवशी, अंगणात, शेजाऱ्यांच्या देखत! हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, त्यावरून सोसायटीची बैठक होऊ शकते. पण खेळाचे नियम करणं आपल्या हातात आहे. खानाने लढाई जिंकायची नाहीच. प्रत्यक्षातल्या कारतलबखानाने जेवढं गमावलं त्याहून कमी गमावून बाहेर पडला, तर खानाच्या बाजूच्या खेळाडूला विजय द्यावा. दोन हत्ती आणि थोडा खजिना वाचवला तरी त्याने इतिहासावर मात केली. महाराजांच्या बाजूचा खेळाडू हरला तर तो स्वतः हरतो, महाराज नाहीत. महाराजांना जे फाशांशिवाय साधलं ते याला फाशांसकट साधलं नाही. एवढं मनावर घेऊन पोरगं एकदा चावणीला जाऊन खिंड बघून आलं, तरी खेळाने काम केलं. अभिमान दुखावण्याचं म्हणाल, तर शाळेच्या गॅदरिंगचा दाखला पुरेसा आहे. तिथे अफझलखानाची भूमिका कधीही किडकिडीत, अबोल मुलाला देत नाहीत. वर्गातला सगळ्यात दणकट आवाजाचा, हजरजबाबी मुलगा खान होतो, आणि बाकीच्यांना त्याचा हेवा वाटतो. समोरचा तोलामोलाचा असल्याशिवाय पराक्रम दिसत नाही, हे आपल्या पोवाड्यांना आणि नाटकांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त दिवाळीच्या किल्ल्याला.

तेव्हा किल्ल्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना विनंती एवढीच, की यंदा ‘उत्कृष्ट देखावा’बरोबर ‘उत्कृष्ट लढाई’ असंही एक बक्षीस ठेवा, आणि माती इथलीच वापरायची अट घाला. परतीच्या पावसाची ताडपत्री आधीच आणून ठेवा. आणि खानाची बाजू घरातल्या धाकट्याच्या गळ्यात मारू नका, चिठ्ठ्या टाका.