मागून येणारी पेटी

पेटीवाल्याचा धर्मच मुळी उशिरा पोचण्याचा. गाणाऱ्यानं जागा घ्यायची, स्वारी कुठे निघाली आहे याचा अंदाज घेत आपण अर्ध्या श्वासानं मागून निघायचं, आणि तो जिथे थांबेल तिथे गुपचूप शेजारी जाऊन उभं राहायचं. चाळीस वर्षं मी हेच केलं. (बँकेत मात्र वेळेवर जायचो.) त्यामुळे आमच्या जुन्या शेजाऱ्यांची न्यू जर्सीतली लेक जेव्हा म्हणाली, "काका, आषाढीला इथल्या मंडळासाठी एक अभंग करू या. मी इथून गाते, तुम्ही तिथून वाजवा," तेव्हा इंटरनेटवर आवाज मागून पोचतो याची मला काडीचीही धास्ती वाटली नाही. या विषयात माझा रियाज होता.

धास्ती घेतली तबलजीनं. तो बंगळुरात संगणकाच्या नोकरीत, त्यामुळे आकडे खिशातच. बैठकीत तबला गवयापासून मीटरभरावर. हवेतला आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मधला वेळ जेमतेम तीन मिलिसेकंद. कानाला तो कळतही नाही. इकडून न्यू जर्सी साडेबारा-तेरा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. जाऊन यायला सव्वाशे मिलिसेकंद तरी हवेतच, आणि तेही कोणी तार सरळ रेषेत अंथरली असती तर. "काका, द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरा. मी धा वाजवला, तो ऐकून ती समेवर आली, आणि ती आल्याचं मला कळलं, तोवर अर्धी मात्रा खलास!"

तरी एका रविवारी आम्ही बसलो. आमचे सकाळचे साडेसहा, तिच्याकडे शनिवारी रात्रीचे नऊ. पहिली ओळ बरी गेली. मग लय उतरू लागली. ती तबल्यासाठी थांबायची, तबला तिच्यासाठी थांबायचा, आणि मी सवयीप्रमाणे दोघांसाठी. कार्यालयाच्या दारात दोन व्याही "तुम्ही आधी", "छे छे, तुम्ही आधी" करत अडकून पडतात, तसा आमचा अभंग धृपदाच्या उंबऱ्यावर अडकला. त्यात त्या व्हिडिओ कॉलला भलतीच शिस्त. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं त्याचं ठाम मत. त्यानं आधी तंबोरा पुसून टाकला, आणि मी पंचम धरून बसलो तर पेटीही.

मग तबलजीनं निंजॅम नावाच्या एका प्रणालीची गोष्ट सांगितली. तिच्यात उशीर कमी करायची भानगडच नाही. उलट तो वाढवून अख्ख्या आवर्तनाएवढा करतात. बाकीच्यांचं मागचं आवर्तन ऐकत आपण आपलं आताचं वाजवायचं. सम सगळ्यांची जुळते. मला ही कल्पना फार आवडली. चूक लपत नाही तर तिला रीतसर आवर्तनात बसवायचं, हा अस्सल गवयाचा बाणा. पण गायिका म्हणाली, "म्हणजे मी अंतऱ्यावर गेले तरी तुम्ही धृपदातच?" हे खरंच होतं.

शेवटी सगळे करतात तेच केलं. आधी तबलजीनं संगणकाच्या टकटकीवर ठेका भरून पाठवला, त्यावर ती गायली आणि शेवटी मी. (अभंगाची लय गजरापर्यंत चढत जायची, टकटकीला विठ्ठल ठाऊक नाही, ती होती तिथेच राहिली.) मी कपाटाचं दार उघडून साड्यांकडे तोंड करून बसलो, पाठीमागे दोरीवर आईची गोधडी टांगली आणि कानाला हेडफोन लावले. तिचा नुसता आवाज. बैठकीत मी गाणाऱ्याच्या हाताकडे बघतो, मान कुठे कलते ते बघतो. इथे बघायला होती जरीची किनार. पण ओळ उचलण्याआधी ती घेत होती तो श्वास मात्र ऐकू आला. टाळ-मृदंगाच्या गर्दीत तो इतक्या वर्षांत कधी कोणाचा ऐकला नव्हता. छोटी ओळ असली की छोटा, तान यायची असली की खोल. हातापेक्षा तो जास्त बोलका निघाला.

पहिल्यांदा वाजवलं ते कच्चं वाटलं. दुसऱ्यांदा बरं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, मग पाचव्यांदा वाजवलं ते इतकं सफाईदार की मी खूश होऊन पाठवून दिलं. तासाभरात फोन. "काका, रागावू नका. पण मी कुठे जाणार ते तुम्ही माझ्या आधीच सांगताय."

ऐकलं, तर खरंच. पाच वेळा ऐकून तिचं गाणं मला पाठ झालं होतं. ती धैवतावर रेंगाळायची आणि पेटी निषादावर जाऊन तिची वाट बघत बसायची. मी चक्क वेळेआधी पोचत होतो. साथीदारानं करू नये असं हे सगळ्यात मोठं पाप, आणि ते मला इंटरनेटच्या उशिरानं नव्हे, घरबसल्या मिळालेल्या फुरसतीनं करायला लावलं.

म्हटलं, "मग एक कर. परत गा. काय बदलशील ते सांगू नकोस."

तिनं नवी फाइल पाठवली. मी ती आधी ऐकली नाही. थेट रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. दुसऱ्या अंतऱ्यात तिनं खोल श्वास घेतला, मी तानेच्या तयारीत, आणि बाईंनी नुसता षड्ज लावला. माझी बोटं दोन सूर पुढे जाऊन अडखळली, मागे फिरली, सावकाश तिच्यापाशी आली. आणि नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकर.

"हेच ठेवते," तिचा निरोप आला.

शिट्टी पुसता येईल, असं तबलजी म्हणाला. त्यानं बारीक मोजूनही पाहिली होती. समेच्या किंचित मागून येते, पेटीबरोबर.