हलाखी हवी, ऐपतीसकट

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांच्या न्यायबुद्धीला तोड नाही. परदेशी अर्जदाराला सोसलेल्या हालांची कहाणी 650 शब्दांत मांडायची मुभा असते. मात्र हार्वर्ड, येल, एमआयटी अशी मोजकी सोडली, तर बहुतेक ठिकाणी आर्थिक मदत मागताच अर्जाचे पारडे हलके होते. म्हणजे हलाखी निबंधात असावी, बँकेच्या दाखल्यात नसावी.

पुण्यातील सुजाण पालकांनी ही मेख अचूक ओळखली. मे महिन्यात मुलाला आठवडाभर मेळघाटात न्यावे, कुपोषण पाहून व्याकूळ करावे, फोटो काढावा, समुपदेशकाची फी भरावी. शासनाने आता पाड्यापाड्यावर अधिकृत व्यथा-केंद्रे उघडावीत. पावती मिळाली की झाले.

पाड्यावरच्या पोरानेही जरूर अर्ज करावा. त्याचा निबंध तर केव्हाच पोहोचलाय, फक्त सही कोथरूडची आहे.