पांढऱ्या शहाळ्याची हकिकत

॥ श्री ॥

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप अण्णांस,

शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “तिकडं शहाळं मिळतं का रे?” मी “मिळतं” म्हणालो आणि तुमचा आवाज एकदम पडला. आपल्या वाडीबाहेर, तेही सातासमुद्रापार, शहाळं मिळावं हे तुम्हाला रुचलं नसावं. पुढचं सांगणार होतो, पण मागून आईचं “सर्दी गेली का विचारा” सुरू झालं. म्हणून हे पत्र.

तर शहाळं मिळतं, पण समोर ठेवलं तर तुम्ही ओळखणार नाही. हिरवी साल पार तासून टाकलेली, बूड सपाट, वर टोक, रंग पांढराफेक आणि अंगावर प्लास्टिक. तुमची सून मेधा म्हणते, सत्यनारायणाच्या चौरंगावर ठेवलं तर गुरुजी आधी यालाच हळदकुंकू वाहतील. हे येतं थायलंडहून, राचबुरी आणि समुत साखोनकडच्या बागांतून, थंड केलेल्या कंटेनरमधून बोटीनं. ‘नाम होम’ नावाची बुटकी, सुगंधी जात आहे. सुगंधी म्हणजे अगदी आंबेमोहोराचा वास. ही माझी अतिशयोक्ती नव्हे, आंबेमोहोर भाताला आणि या पाण्याला वास देणारं द्रव्य एकच आहे. आपल्या रेवदंड्याच्या शहाळ्याला असा वास नाही. (हे वाक्य तात्यांना वाचून दाखवू नका.)

आता फोडण्याचं. इथं कोयता नाही. चिनी वाण्याकडून पाटीएवढ्या पात्याचा सुरा आणलाय. शहाळं आडवं धरून टोकाकडचं सोडण आधी पातळ-पातळ तासायचं, आतली करवंटी दिसेपर्यंत. मग उभं करायचं, डावा हात पाठीमागे न्यायचा (ही मेधाची अट) आणि पात्याचा मुठीजवळचा कोपरा करवंटीवर हाणायचा. नेम बसला की कोपरा आत रुततो. थोडं फिरवून पुन्हा एक घाव, की टोपी उचकटून निघते. सगळं जोरापेक्षा नेमाचं काम आहे. पण घर लाकडी आणि आम्ही वरच्या मजल्यावर. पहिल्या रविवारी खालच्या आजी काठी घेऊन वर आल्या, सगळं ठीक आहे ना बघायला. दार उघडलं ते मी, हातात सुरा. त्यांना शहाळं दिलं. आता दर रविवारी आवाज झाला की त्या स्वतःचा पेला घेऊन येतात.

खरी कटकट पुढंच आहे. साल काढलेलं शहाळं आपल्याकडं तासाभरात तांबूस पडतं. हे आठवडेच्या आठवडे प्रवास करून पांढरंच्या पांढरं कसं? तर तासल्यावर ते सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुचकळतात. त्यानं रंग काळवंडत नाही, बुरशीही लांब राहते. एका दुकानातल्या प्लास्टिकवर हे मुंगीच्या अक्षरांत छापलेलं असतं. दुसऱ्या दुकानातल्यावर नुसतं माडाचं चित्र. कधी ओल्या सोडणाला नाक लावलं तर ओढलेल्या काडीचा वास येतो. तोच गंधक.

काकूनं व्हॉट्सॲपवर “फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात, मढ्याला लावतात ते!” असं पाठवलंय. त्याला कुठं आधार सापडला नाही. पण सल्फाइट खरं आहे, आणि दमेकऱ्यांपैकी काहींना ते बाधतं. इथं पूर्वी हॉटेलांत सॅलड ताजं दिसावं म्हणून त्यावर हेच मारत. माणसं दगावली, तेव्हा १९८६ साली सरकारनं कच्च्या खायच्या फळांवर आणि भाज्यांवर ते वापरायला बंदी घातली. पदार्थात दहा लाखांत १० भाग किंवा जास्त असेल तर वेष्टनावर लिहायचं, असाही नियम आहे.

आपल्या चिऊला दम्याचा पंप लागतो, म्हणून तिला हे पांढरं देत नाही. तिच्यासाठी हिरवं, सालीसकट असलेलं आणतो. ते महाग, आणि त्याची साल सोलताना माझे पूर्वज आठवतात. आम्ही दोघं पांढरं पितो. करवंटी अखंड असेल तर आतल्या पाण्याला धोका कमी, असा आमचा हिशोब. सोडणाला लागलेलं औषध मात्र पाण्यात उतरू द्यायचं नाही. म्हणून आधी नळाखाली धुवायचं, पुसायचं, सुरा मध्येच एकदा धुवायचा, आणि पाणी काठावरून न ओतता नळीनं ओढायचं. पाणी गुलाबी निघालं तर बेसिनमध्ये. ती गुलाबी झाक औषधाची नव्हे, फळ जुनं झाल्याची. पण पैसे दिलेत म्हणून प्यायचं, हा हट्ट मेधानं माझ्याकडून सोडवलाय.

सगळ्यात जिवावर येतं ते मलईच्या वेळी. अलिबागचा गाडीवाला सालीचाच एक तुकडा छाटून चमचा करून देतो ना? इथं नेमकी तीच साल औषधात भिजलेली. स्टीलच्या चमच्यानं खरवडावं लागतं, आणि ती मजा येत नाही.

तुम्ही म्हणाल, “केमिकलची शहाळी पिता, शोभतं का?” म्हणून आधीच लिहून ठेवतो. तुमच्या शिऱ्यातला तो तासगावचा पिवळाधमक बेदाणा गंधकाच्या धुरीनंच पिवळा राहतो, आणि आईचा केशरी जर्दाळूही. बिनगंधकाचा जर्दाळू काळपट असतो. मागच्या वर्षी मी पाठवला, तर आईनं “खराब निघाला” म्हणून गड्याला देऊन टाकला.

बाकी क्षेम. आईस नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

आपला,
बाळू

ता. क. मे महिन्यात येताना कोयता आणाच. पण गोणपाटात गुंडाळून मोठ्या बॅगेत, जी विमानाच्या पोटात जाते. आईच्या हातातल्या पिशवीत मुळीच नको. मागच्या वेळी अडकित्त्यावरून ती त्या सुरक्षावाल्याशी मराठीत भांडली, आणि नेमका तो निघाला कोल्हापूरचा.